अलास्का, व्हाया नवापूर

काकांच्या घरात ‘डोकं दुखतंय’ असं म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं की समोरून लगेच प्रश्न यायचा, “कुणाचं?”

माझंच, दुसऱ्या कुणाचं डोकं मला कशाला दुखेल, असं पहिल्याच आठवड्यात मी चिडून विचारलं. त्यावर काका डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून शांतपणे म्हणाले, “तिकडे नुसतं डोकं नसतं. नुसता हात नसतो, नुसती आई नसते. आधी कुणाचं ते सांगायचं, मग काय ते.”

तिकडे म्हणजे अलास्कात. चिंचणीत त्यांच्या बाहेरच्या खोलीत भाड्याने राहायला येऊन मला चार दिवस झाले होते. मला वाटलं, काकांचा मुलगा-बिलगा असेल अलास्कात. नव्हता. अलास्कात काकांचं कोणीही नव्हतं. काका फक्त तिथली भाषा शिकत होते.

तिचं नाव त्लिंगित. हे नाव उच्चारताना जीभ दातांमागे लावून दोन्ही गालांच्या बाजूने हवा सोडायची असते, अशी माझी पहिली शिकवणी झाली. मी बोईसरच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो. दिवसभर नळकांड्यांत रंग बदलतोय का ते बघायचं आणि संध्याकाळी बसने चिंचणीला येऊन हातपाय धुवायचे, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती. गालांच्या बाजूने हवा सोडणं तीत बसत नव्हतं. पण डिपॉझिट देऊन झालं होतं.

काकांचा धंदा डाय कोरण्याचा. चिंचणीत हे काम घरोघर चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी खोल कोरायची, मग त्यावर पत्रा दाबून दागिन्याचे तुकडे पाडायचे. काकांच्या हाताला मोठं नाव होतं. मोराच्या पिसातला एकेक धागा ते असा कोरत की मुंबईचे व्यापारी गाडी काढून दारात येत. ते आले की काका त्यांना चहा देत आणि अलास्कातल्या क्रियापदांची माहिती सांगत. चहा पिऊन होईपर्यंत व्यापारी ऐकत. नंतर त्यांनी चहा घेणंच सोडलं.

आता इतक्या भाषा सोडून हीच का, हा प्रश्न मी विचारायला नको होता, पण विचारला. उत्तर यायला माझी सबंध सुट्टी गेली. त्याचं सार असं की काका शाळेत मराठीत नापास झाले होते. इंग्रजीत सगळेच होतात, त्याचं काही नाही. पण मराठी व्याकरणात तीन वेळा नापास झालेला मुलगा त्या वर्गात एकच. मास्तरांनी भर वर्गात सांगितलं की याच्या घरात दोन तऱ्हेचं बोलतात, म्हणून याला एकही धड येत नाही. काकांनी शाळा सोडली, छिन्नी धरली आणि मनात एक गाठ मारली. एक तरी भाषा अशी शिकायची की जिच्यात आपल्याला नापास करणारा माणूस पालघर जिल्ह्यात सापडता कामा नये.

साठी उलटल्यावर हातात मोबाईल आला आणि शोध सुरू झाला. चिनी बाद झाली, कारण बोईसरला मशिनं बसवायला चिनी इंजिनिअर येतात. जपानी बाद, पालघरला कुणाची तरी मुलगी क्लास घेते. रशियन येणारा एखादा निवृत्त साहेब तारापूरच्या अणुकेंद्राच्या कॉलनीत निघेल, या भीतीने तीही गेली. असं करत करत काका अमेरिकेच्या वरच्या टोकाला पोचले. समुद्राकाठची माणसं, मासे धरणारी, आणि भाषा अशी अवघड की ती बोलणारी जुनी माणसं तिथेच थोडी उरली आहेत. “म्हटलं, हीच,” काका म्हणाले. “इकडे कोण तपासायला येतोय.”

व्याकरण आणि शब्दकोश त्यांनी बोईसर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला होता. स्पायरल लावलेले चार गठ्ठे. झेरॉक्सवाल्याने पानं चाळून विचारलं होतं, “चाचा, ये कौनसी मशीन का मैन्युअल है?” काका म्हणाले होते, “जबान का.” तो म्हणाला, “बहुत पार्ट हैं.” त्या भाषेवरचं इतकं नेमकं मत मी नंतरही ऐकलं नाही. पुस्तक अर्थातच इंग्रजीत होतं, त्यामुळे प्रत्येक ओळीला इंग्रजी-मराठी कोश उघडावा लागे. या भानगडीत काका वाटेत इंग्रजीही शिकले. पण ती ते धरत नसत. “ती आपोआप झाली,” असं कमीपणाने सांगत.

उच्चारांचा सराव सकाळी विहिरीवर चाले. त्या भाषेत काही व्यंजनं घशात अडवून फटकन सोडायची असतात. बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज यायला हवा. दूधवाली पहिल्यांदा तो आवाज ऐकून किटली टाकून धावत आली आणि तिने काकांच्या पाठीत दोन गुद्दे घातले. घास अडकला असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ती दूध फाटकावरच ठेवू लागली. शिवाय त्या भाषेत ओठ मिटायला लागणारी अक्षरं जवळपास नाहीतच. प नाही, ब नाही. काका आरशासमोर बसून ओठ न मिटता तासन् तास बोलत. एकदा न्हाव्याने दाढी करता करता विचारलं, “दाताचा त्रास हाय काय?” त्यावर काकांनी त्याला अर्धा तास समजावलं की तिकडे सगळे लोक दोन गटांत वाटलेले असतात, एक कावळ्याचा आणि एक गरुडाचा, एका गटाने लग्न दुसऱ्यातच करायचं आणि पोर नेहमी आईच्या कुळाचं धरायचं. न्हाव्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मंग बापाचा काय उपेग?” अर्धी दाढी तशीच राहिली होती, त्यामुळे काकांना चर्चा आवरती घ्यावी लागली.

पण खरी कमाल होती ती पेटी. तिकडचं क्रियापद म्हणे एकटं येत नाही. मूळ शब्दाच्या पुढे डझनभर तरी जागा असतात, आणि कोणी केलं, कसं केलं, झालं की व्हायचंय, यातलं प्रत्येक आपापल्या जागी जाऊन बसतं. कागदावर काकांना ते जमेना. मग त्यांनी सागाची एक लांब पेटी केली, तिला खण पाडले, आणि पोलादाच्या छोट्या तुकड्यांवर एकेक अक्षरगट कोरून काढला. वाक्य बोलायचं झालं की तुकडे उचलून खणांत बसवायचे आणि डावीकडून उजवीकडे वाचायचे. सव्वा वर्ष लागलं त्या कामाला. त्या काळात मोराची किती पिसं राहिली असतील ते व्यापारीच जाणोत. मी मात्र सांगतो, तशी देखणी वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

जेवायला बसलं की पेटी शेजारी असे. मी म्हणे, “काका, जरा मीठ द्या.” काका विचारात पडत. तिकडे लांबट वस्तू द्यायचं क्रियापद वेगळं, गोल वस्तूचं वेगळं, भरलेलं भांडं असेल तर वेगळं, जिवंत प्राणी असेल तर आणखी वेगळं. “मीठ कशात आहे?” ते विचारत. मी बरणी दाखवत असे. मग तुकडे खडखडायला लागत. तोवर काकी आतून येऊन माझ्या ताटात मीठ वाढून जात आणि म्हणत, “ह्यांच्या तिकडची मानसा अळणीच खात असतील.”

काकी बोलत चिंचणीचं रोजचं बोलणं, हाय-नाय वालं. काका मात्र बोलत एकदम छापील. ‘आहे’, ‘नाही’, ‘कृपया’, ‘तथापि’. मासळीवालीला सुद्धा ‘ही सुरमई ताजी आहे ना?’ असं विचारत. मला ते फार गमतीचं वाटे. त्यामागे काही असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही, कारण मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला भाडेकरूने मालकाबद्दल जेवढं हसायचं असतं तेवढंच येत होतं.

चार वर्षं काकांनी अशी काढली. मोबाईलवर तिकडच्या म्हाताऱ्या माणसांची जुनी ध्वनिमुद्रणं होती, ती ते ऐकत. पण त्यांचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. आणि मग त्यांना कळलं की अलास्कातल्या एका गावी इंटरनेटवरून वर्ग चालतो, कोणीही बसावं. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे शनिवारची सकाळ. शिकवायला त्यांच्यातल्याच एक आजी. ती भाषा आईच्या तोंडून शिकलेल्या.

काकांनी नाव नोंदवलं आणि त्यांची झोप उडाली. मला वाटलं आनंदाने. तसं नव्हतं. एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनीच सांगितलं, “आजवर मी ही भाषा फक्त माझ्याशी बोललो आहे. मी बोलतो ती खरंच ती भाषा आहे, की चिंचणीतल्या एका माणसाने बसल्या जागी बनवलेलं भलतंच काहीतरी आहे, हे मला माहीत नाही.” आवाज अगदी बारीक झाला होता. मी काहीतरी विनोद करणार होतो, तो गिळला.

पहिल्या वर्गाला काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. त्या दिवसांत मला दुसरी पाळी होती, म्हणून मोबाईल धरायला मी. काकी दारात. वर्गात सगळ्यांनी आधी स्वतःची ओळख द्यायची असते, आणि तिकडे ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. कोणाचे तुम्ही, कुठल्या घरातले, आजी-आजोबा कोण, सगळं. काकांनी ती महिनाभर घोटली होती. पडद्यावर आजी आल्या. पांढरे केस, जाड चष्मा, मागे भिंतीवर होडीची वल्ही. काकांनी पेटी पुढ्यात ओढली आणि सुरू केलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव, गाव, वाडी. सगळं त्लिंगितमध्ये, बुचं उडवत, हवा सोडत.

आजी पुढे झुकल्या. कानाला हात लावून ऐकत राहिल्या. आणि हसून काहीतरी म्हणाल्या, ज्यातला एक शब्द मलाही माहीत होता, गुनल्चीश, म्हणजे आभार. त्यांना कळलं होतं. चिंचणीच्या ओट्यावर बनलेली भाषा अलास्कात कळली होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो आणि अजून बरं वाटतं.

मग आजींनी सावकाश, इंग्रजीतून विचारलं, “आणि आईची माणसं? तुम्ही सांगितलीत ती तुमच्या वडिलांची. तुम्ही कोणाचे?”

आपल्याकडे जन्माच्या दाखल्यापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत नाव म्हणजे स्वतःचं, बापाचं, आडनाव. काकांनी न्हाव्याला जे अर्धा तास समजावलं होतं ते स्वतःची ओळख लिहिताना त्यांना सुचलंच नव्हतं. निदान मला तसं वाटलं.  मग “नेटवर्क,” असं इंग्रजीत म्हणून काकांनी माझ्या हातातला मोबाईल बंद केला.

नेटवर्क व्यवस्थित होतं. राउटरचा हिरवा दिवा आमच्याकडे बघत होता.

पुढचे काही दिवस पेटी बंद राहिली. विहिरीवर आवाज नाही. दूधवाली आपणहून आत येऊन विचारून गेली, बरं नाही काय म्हणून. मंगळवारी तिकडून निरोप आला: आजी विचारताहेत, नेट आलं का, आईकडचं ऐकायचं राहिलं आहे. काकांनी तो वाचला आणि पुन्हा ठोकळ्यावर वाकले. पण नुसतेच वाकले, छिन्नी हलत नव्हती.

काकी मला मागच्या दारी घेऊन गेल्या. “तुला सांगते, पन तू बोलू नको,” म्हणाल्या. “ह्यांची आय इथल्याच दर्याकडच्या नवापूरची. मच्छीमारांची पोर. चिंचणीच्या बाजारात मासली घेऊन येवाची, तिथं सासऱ्यांनी बघितली. लगीन केला आनि दोनी घरांनी दारा लावली. इकडं हिला सांगितला, तुजी बोली नाय बोलवाची. शालेत मास्तर ह्यांना हसले, ह्ये घरी येऊन आयला हसले. मंग ती बोलवाचीच कमी झाली.”

एवढंच असतं तर एकवेळ ठीक. पण पुढचं काकींनी खाली बघून सांगितलं. लग्न झालेली बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, ते येईपर्यंत तिला उचलत नाहीत. काकांची आई गेली त्याला पंधरा वर्षं झाली होती. भाऊबंद म्हणाले, त्यांना कशाला कळवायचं. काकांनी कळवलं नाही. बाजारात कुणाकडून तरी ऐकून आईची धाकटी बहीण नवापूरहून लुगडं घेऊन आली, तेव्हा सगळं आटपून माणसं परत येत होती. काका फाटकात उभे होते. “झालं सगळं,” एवढंच म्हणाले. ती लुगडं घेऊन तशीच परत गेली.

“ह्यो मानूस अलास्काला बोलते,” काकी म्हणाल्या, “आनि नवापूरला नाय.”

शुक्रवारी मला साप्ताहिक सुट्टी. सकाळी काका माझ्या खोलीच्या दारात. “तू गेल्या महिन्यात घेतलीस ती सेकंडहँड स्कूटर चालते का? नवापूरला जायचं आहे. डायच्या कामासाठी.” नवापूरला डायचं कसलंही काम नसतं. मी चावी घेतली. पास्थळवरून वळून समुद्राकडे लागलो, सगळा मिळून अर्धा तास. वाटेत काका तीनदा म्हणाले, परत जाऊ, आभाळ आलंय. डिसेंबर महिना होता.

मावशी किनाऱ्यावरच होत्या. बांबूच्या दांड्यांवर दोऱ्या ताणलेल्या, त्यांवर बोंबील सुकत घातलेले, आणि खाली टोपलीशी बसलेली ऐंशीची एक काटक बाई. काका समोर जाऊन उभे राहिले. महिनाभर ओळखच घोटणाऱ्या माणसाला ओळख सांगता येईना. मावशींनी वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला.

“नाक आमच्या बायचा हाय,” त्या म्हणाल्या. “झाला का सगळा?”

पंधरा वर्षांनी तेच वाक्य परत आलं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. काका खाली बसले, वाळूतच, इस्त्रीच्या शर्टासकट. “चुकलो,” म्हणाले.

“ते मला म्हाईत हाय,” मावशी म्हणाल्या. “काय पायजे ते बोल. माजा हात रिकामा नाय.”

काकांनी सांगितलं. अलास्का, भाषा, आजी, आईची माणसं. छापील मराठीत, तथापि वगैरे घालून. मावशींनी सगळं ऐकलं आणि टोपली त्यांच्याकडे सरकवली. “आदी हे लाव. मंग सांगते.”

बोंबील सुकवायला लावताना दोन-दोन घेतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मावशी बोलता बोलता न बघता लावत होत्या. काका, ज्यांनी पोलादावर मोराचं पीस कोरलं होतं, त्यांच्या हातातून बोंबील निसटून चारदा वाळूत पडला. पाचव्यांदा दात बोटात शिरले. मावशींनी ते काढून दिले. “आयनं शिकवला नाय?” त्यांनी विचारलं. काका म्हणाले, “ती सांगायची. मी शिकलो नाही.”

मावशींनी आणखी दोन जोड्या दोरीवर टाकल्या. मग त्यांनी एकेक करून नावं सांगितली. त्यांच्या आईचं, तिच्या आईचं, घर किनाऱ्यावर कुठे होतं, होडीचं नाव काय होतं. काकांनी डायचे आकडे लिहायच्या वहीत ते टिपलं. उठताना त्यांनी चाचरत विचारलं, “मावशी, ते लुगडं…”

“ते मी नेसले,” मावशी म्हणाल्या. “नवा कोरा होता, हिरवा, ठेवून काय करवाचा? चार वर्सा नेसले. बायची आठवन काडून रोज रडवाची आनि नेसवाची. आता फाटला.” आणि टोपली उचलता उचलता त्यांनी विचारलं, “ती बाय, तिकडची, मासली खाते?”

“मासेमार लोकच आहेत ते. सॅमन धरतात. धुरावर सुकवतात.”

“धुरावर?” मावशी थांबल्या. “मंग मला बघवाचा हाय.”

शनिवारी सकाळी त्या चिंचणीत आल्या, पिशवीत बोंबील घेऊन. फाटकापाशी आल्यावर त्या थबकल्या. काका पुढे झाले आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. काकींनी पायावर पाणी घातलं. त्या घरात आईच्या माहेरचं माणूस पहिल्यांदा उंबरा ओलांडून आलं आणि भिंतींना काही झालं नाही.

वर्ग ओट्यावरच सुरू झाला, या वेळी मोबाईल खांबाला टेकवून. काकांनी ओळख पुन्हा दिली. या वेळी आईचं नाव आधी, मग तिच्या आईचं, मग नवापूर, मग घर, मग होडी. आईच्या आईचं नाव काकांनी वहीतून छापील करून घेतलं होतं. मावशींनी तिथेच अडवलं. “असा कोन बोलवाचा तिला? तिला समदी मानसा दुसराच म्हनवाची,” आणि त्यांनी घरातलं नाव सांगितलं. पडद्यावरच्या आजींना मराठी येत नव्हतं, पण म्हातारी मावशी भाच्याला दुरुस्त करतेय हे त्यांना बरोबर कळलं आणि त्या मान मागे टाकून हसल्या. काकांनी दुरुस्त करून पुन्हा म्हटलं. मावशींनी मान हलवली, तेव्हा आजींनीही हलवली.

मग जे झालं त्यावर काकांचा ताबा राहिला नाही. मावशींनी पिशवीतून सुका बोंबील काढून पडद्यासमोर धरला. आजी उठून आत गेल्या आणि धुरावलेल्या माशाची लाल पट्टी घेऊन आल्या. मावशींनी बोटांनी जबड्यात जबडा अडकवून दाखवला. आजींनी लाकडाच्या दांडीवर पट्टी कशी टांगतात ते हातवारे करून सांगितलं. “थांबा, थांबा,” काका पेटीत तुकडे शोधत होते, “टांगणे, लांबट वस्तू, अनेक, वारंवार…” घाईत कोपर लागलं, पेटी कलंडली आणि सव्वा वर्षाचं व्याकरण शेणाने सारवलेल्या अंगणात सांडलं. कुणीच लक्ष दिलं नाही. दोघी म्हाताऱ्यांचं आता मीठ किती लावायचं यावर चाललं होतं.

काका आणि मी गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करत होतो. काका हसत होते. इतका वेळ हसत होते की शेवटी डोळे पुसायला त्यांना खांद्याचा उपयोग करावा लागला, कारण हातात क्रियापदं होती.

पुढच्या पावसाळ्याआधी मला वडोदऱ्याला नोकरी लागली आणि मी चिंचणी सोडली. खोली रिकामी करताना काकांनी मला एक पोलादी तुकडा दिला. त्यावर काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं होतं, मी विसरलो. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून तो ठेवतो. आजही कुणी माझ्यासमोर ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की ‘कुणाचं’ हा प्रश्न माझ्या तोंडून निघून जातो, आणि त्यामुळे माझी बायको काकांना न बघताच ओळखते.

मागच्या दिवाळीत फोन केला. म्हटलं, “काका, अभ्यास कसा चाललाय?”

“कंचा?” काका म्हणाले.

मला वाटलं चुकीचा नंबर लागला. काकांच्या तोंडून असा शब्द मी कधी ऐकला नव्हता. “त्लिंगितचा,” मी म्हटलं.

“तो चाललाय, शनवारी. पन आता आयतवारी दुसरा वर्ग हाय. नवापूरला. मावशी आयची बोली शिकवते. लय कठीन हाय रे. कोश नाय, व्याकरण नाय, पेटी चालत नाय. समदा तिच्या तोंडात.”

“मग जमतंय का?”

“नापास,” काका म्हणाले. एवढ्या अभिमानाने कुणी पहिला नंबरही सांगितला नसेल. “दर आयतवारी नापास करते.”

मागून लाटांचा आवाज येत होता, आणि त्यातून मावशींचा. “फोन ठेव आनि परत बस,” त्या म्हणत होत्या. काकांनी फोन ठेवला.